खंडेनवमीची फेरी

रस्त्यानं पायी चालताना वळायचं असलं, तरी नाना हात दाखवत. उजवीकडे वळायचं तर उजवा हात लांब, डावीकडे वळायचं तर तोच हात हवेत गोल फिरवत. मागे वाहन असो वा नसो. एकदा सातपूर कॉलनीतल्या बोळात आमच्या मागे फक्त एक कुत्रं होतं. मला हसू आलं. नाना थांबले आणि म्हणाले, "हसू नको. त्याला काय माहीत मी कुठं वळणार हाय ते?"

ते माझे घरमालक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी देवळ्याहून नाशिकला आलो, वीज खात्यात नोकरीला लागलो आणि सातपूर कॉलनीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहू लागलो. नाना सातपूरच्याच एका पंप बनवणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर होते. कामगारांची बस चालवत. पहिल्या पाळीची गाडी पहाटे रविवार कारंज्यावरून निघायची आणि भद्रकाली, द्वारका, मुंबई नाका, त्रिमूर्ती चौक, पवननगर करत सातपूरला यायची. प्रत्येक स्टॉपवर दोन हॉर्न, दोन मिनिटं थांबा. तिसरा हॉर्न नाही आणि तिसरं मिनिट नाही.

घरातही तेच. मला खाली चहाला बोलवायचं असलं की दारावर दोनदा थाप पडे, मग शांतता. तेवढ्यात दार उघडलं नाही, तर नाना जिना उतरून गेलेले असत आणि माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझा चहा परत पातेल्यात ओतलेला असे. "मी सांगते त्यांना, पोरगं तोंड धूत असंल," माई म्हणायच्या. "तर म्हणतात, गाडी चुकली."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, स्टॉप राहत. "ते उंच, मिशावालं द्वारका काल भेटलं होतं," असं ते सांगत. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुझा स्टॉप कुठला?"

"देवळा."

त्यांनी थोडा विचार केला. "मग लय लवकर उठावं लागलं असंल."

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहावं असं मनात येई आणि मी टाळत असे. लिहायला बसलो की माझंच काहीतरी पुढे येतं. तेही येऊ द्यावं, असं आता ठरवलं आहे.

नाशिकला पाहुणा आला की त्याला पंचवटीत जायचं असतं. नानांच्या घरच्या पाहुण्याला ती मुभा नव्हती. "राम कुठं जात नाय. तो तिथंच हाय. आधी आमचं नाशिक बघा, ते रोज बदलतंय." मग पाहुण्याला घेऊन ते रविवार कारंज्याला जात आणि तिथून आपल्या बसच्या मार्गानं, कधी पायी तर कधी शहर बसनं, एकेक स्टॉप दाखवत निघत. उलटीकडून कधीच नाही. सातपूरला राहणाऱ्या माणसानं सातपूर दाखवायला आधी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, हे पाहुण्याला समजायला वेळ लागे.

दाखवत काय? तांबट लेनमध्ये हंडे-घागरींचे ठोके ऐकवत. "इथला माणूस माझ्या गाडीत बिनघोर झोपायचा. जन्मापासून ठोक्यात झोपलेला. गाडी शांत झाली की दचकून जागा व्हायचा." सिडकोत गेलं की घरं दाखवत. सगळी एकसारखी मिळालेली, पण कुणी पुढे ओटा काढलेला, कुणी वर पत्र्याची खोली चढवलेली, कुणी खिडकीतच किराणा दुकान थाटलेलं. "बघा, एका साच्यातली दोन घरं सारखी ऱ्हायली नाय." त्यांची निम्मी माहिती चुकीची असे. महाराष्ट्रातल्या झाडून साऱ्या देवळांच्या घंटा आमच्या तांबट लेनमध्ये झाल्या, असं ते बेधडक सांगत. एका पुणेकर पाहुण्यानं शंका काढली, तर म्हणाले, "तुमच्याकडची बघा उलटी करून. नसंल लिहिलेलं, पण आमचीच हाय."

माझे आई-वडील गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अंघोळीला म्हणून गावाहून आले, तेव्हा त्यांचीही सुटका झाली नाही. उन्हात हिंडून हिंडून शेवटी आम्ही कंपनीच्या फाटकासमोर उभे राहिलो. आमच्याकडे बागलाणात बोलतात तशा अहिराणीत वडील मला हळूच म्हणाले, "आठे काय शे देखाले?" इथं बघायसारखं काय आहे, असा त्यांचा प्रश्न.

नानांनी विचारलं, "काय म्हणताहेत?"

"छान आहे म्हणताहेत," मी म्हटलं.

"खोटं. 'काय' ऐकू आलं मला." मग वडिलांकडे वळून म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, दादा."

तेवढ्यात भोंगा झाला, फाटक उघडलं आणि पाळी सुटली. सायकलींचा लोंढा बाहेर पडला. हँडलला डबे, घंट्यांचा गलका, फाटकातूनच एकमेकांना मारलेल्या हाका. वडिलांनी आयुष्यभर कांद्याचा बाजार पाहिलेला. गर्दी म्हणजे रेटारेटी आणि आरडाओरडा एवढंच त्यांना माहीत. ते बघत राहिले. "इतका लोक निंघनात," ते म्हणाले, "आन कोणी कोणले धक्का बी दिधा नही." गावी परत गेल्यावर त्यांनी रामकुंडाचं वर्णन केलं नाही. सुटलेल्या पाळीचं केलं.

वस्ती कशी चालली आहे हे ओळखायची नानांची स्वतःची रीत होती. ते चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहत. "लोक फुल मागतात का कटिंग, ते बघ. आन दोघांत एक मागायला लागले, की समज तिथं काहीतरी थांबलंय."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी सातपूरच्या टपऱ्यांवर दोघांत एक सुरू झालं.

तेव्हाचं माझं काम सांगायला हवं. बंद पडलेल्या कंपन्यांची वीज तोडायला जी माणसं जात, त्यांत मी होतो. हुकूम वरून येई. खांबावर लाइनमन चढे, फ्यूज तो काढी. मी खाली उभा. फ्यूज निघाला की आत कुठेतरी वॉचमनच्या डोक्यावर फिरणारा पंखा लगेच थांबत नाही. हळूहळू थांबतो. आधी पाती दिसायला लागतात, मग मोजता येतात. ते मी बघत असे. यात माझी चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चूक नसताना वाटणारी शरम जास्त चिवट असते. माफी मागावी तर कुणाची, हेच ठरत नाही.

नानांनी मला 'अंधार' म्हणायला सुरुवात केली ती तेव्हा. मी संध्याकाळी फाटक उघडलं की ओट्यावरून आवाज येई, "आला का अंधार? आज कुणाची घालवली?" माई रागवायच्या. "पोराला काय बोलता दिवेलागणीचं!" मला ते लागत असे, पण बरंही वाटे. निदान एक माणूस तोंडावर बोलत होता. बाकी कॉलनी मला नमस्कार करून आत जाई.

कॉलनीतले काही जण घरून पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघत आणि आयटीआयच्या बाजूला झाडाखाली बसून राहत. कंपनी बंद झाली हे घरी सांगायचा धीर झाला नव्हता. नाना त्यांना बघत, आणि जवळून जाताना अगदी साध्या आवाजात विचारत, "पहिली पाळी का?" तो माणूस मान हलवी. नाना पुढे जात. घरी येऊन त्यातलं एक अक्षर ते कुणाला सांगत नसत.

मग एक दिवस त्यांच्याच कंपनीच्या खांबाखाली मी उभा होतो.

संध्याकाळी मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटत होतं. नाना माईंना लसूण सोलून देत होते. त्यांनी हातातली पाकळी पूर्ण सोलली.

"फ्यूज कुठं ठेवले?"

"स्टोअरला जमा केले."

"नीट ठेवायला सांग. लागतील."

'बंद' हा शब्द ते कंपनीबद्दल वापरत नसत. "कंपनी डेपोत उभी हाय," म्हणत. डेपोत उभी असलेली गाडी मेलेली नसते, ती सकाळी निघायची असते, असा त्यांचा हिशेब. खरी बसही आतच अडकली होती. फाटकाच्या फटीतून तिचं तोंड दिसे. टायर बसत चालले होते.

आता खंडेनवमीबद्दल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कारखान्यात यंत्रं थांबवतात, धुऊन-पुसून हार घालतात. नानांच्या कंपनीत त्या दिवशी कामगारांची बायकापोरं आत येऊ शकत. वर्षातून तो एकच दिवस. बाप आपल्या पोराला यंत्र दाखवी. पोरांना पेढे आणि कंपनीचं नाव कोरलेली स्टीलची वाटी मिळे. कॉलनीत कुणाच्याही घरी जेवायला बसलं की ताटात त्या वाट्या असत. त्या सगळ्यांना घेऊन यायची गाडी नानांची. बोनेटला झेंडूचा मोठा हार, खिडक्यांतून पोरांची डोकी, आणि प्रत्येक स्टॉपवर दोन हॉर्न. बाकी दिवस ते कामगारांना कामावर आणत. त्या दिवशी पोरांना बापाच्या कामावर आणत. वर्षभरातला हाच एक दिवस त्यांना आपला वाटे.

कंपनी बंद झाल्यावर त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पुन्हा एकदा खंडेनवमीला गाडी भरून त्या फाटकातून आत जावी. पगार, पेन्शन, कोर्टातली केस यांबद्दल ते बोलतही नसत.

पहिल्या वर्षी त्यांनी त्र्यंबकच्या रस्त्यावर चालणारी एक काळीपिवळी जीप ठरवली. "फाटकापर्यंत तर जाऊ. पोरं सवय विसरतील." मीही बरोबर होतो. जीप भरली. नेहमीप्रमाणे त्यांनी बससाठी झेंडूचा हार करून आणला होता. पण बस आत, फाटकाला कुलूप. बाहेर मांडव टाकून कामगार धरण्याला बसलेले. नाना हार हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी तो फाटकालाच, कंपनीच्या नावाच्या पाटीवर घातला आणि हात जोडले.

मांडवातली माणसं वळून बघू लागली.

पहिली उठली ती मंदाताई. वाइंडिंग सेक्शनची, म्हणजे पंपाच्या मोटारीत तांब्याची तार गुंडाळण्याचं काम करणारी. स्टॉप भद्रकाली. बसमध्ये तिची जागा ड्रायव्हरच्या मागची. ती रोज तिसऱ्या मिनिटाला धावत यायची, नाना रोज म्हणायचे "उद्या सोडून जाईन", आणि साऱ्या मार्गावर तेवढी एकच व्यक्ती अशी होती जिच्यासाठी गाडी थांबायची.

"काय केलं हे, नाना?"

"गाडीचा हार हाय. गाडी आत अडकली म्हणून..."

"नावाच्या पाटीला हार घालतात? फोटो हाय का हा?" तिचा आवाज चढला. "ती जिवंत हाय म्हणून आम्ही इथं बसलोय, आन तुम्ही तिचं तेरावं घालायला आलात?"

"नैवेद्य बी आणायचा ना मग, कावळ्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

मंदाताईनं हार ओढून तोडला. झेंडू रस्त्यावर सांडले. जीपमधली पोरं उतरून ती फुलं गोळा करायला लागली, त्यांना तो खेळच वाटला. परतताना नाना मला म्हणाले, "गाडीला हार घालतो तेव्हा ती मेली असं कुणाला वाटत नाय. दाराला तोरण बांधायचं असतं. माझ्या ध्यानातच आलं नाय रे. मला दारं कुठं माहीत, मी गाडीवाला."

मीही तिथेच होतो. मलाही सुचलं नव्हतं. फुलं सांडलेली असताना मी त्या खांबाकडे बघत होतो आणि मला वाटत होतं की हे सगळे आता मला ओळखतील.

दुसऱ्या वर्षी मांडव उठलेला होता. बस भंगारात गेली होती. "गाडी गेली. फेरी नाय गेली," नाना म्हणाले आणि त्यांनी एक रिक्षा ठरवली. रिक्षावाला त्याच कंपनीत फिटर होता. खंडेनवमीला आम्ही तिघे रविवार कारंज्यावरून निघालो. भद्रकालीला दोन हॉर्न. द्वारकेला दोन हॉर्न. मुंबई नाका, त्रिमूर्ती चौक. कुठेच कुणी नव्हतं. लोक पांगले होते. कुणी भाजीची गाडी लावली होती, कुणी गावी शेतावर गेला होता, कुणी पुण्याला. भद्रकालीला नाना दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबले. किती, ते मी मोजलं नाही. तिसरा हॉर्न मात्र त्यांनी वाजवू दिला नाही.

पवननगरला रिक्षावाला न राहवून म्हणाला, "नाना, कोणी यायचं नाय आता."

"तुझा स्टॉप कुठला?"

"पवननगर."

"मग झालं की. एक आला." आणि त्याला म्हणाले, "चल."

त्यानंतरची काही वर्षं ते एकटेच जात राहिले, पायी, वळणावर हात दाखवत. मी जात नसे. रजा नाही म्हणून, लग्न झालं म्हणून, मुलगी लहान म्हणून. कारणं खरी होती. पुढे मी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत भरताना नाना म्हणाले, "चांगला स्टॉप हाय. पण आमची गाडी तिकडून जात नाय." विनोद होता. तो अजून माझ्या कानात आहे.

वस्ती परत हलायला लागली हे मला सांगितलं तेही त्यांनीच. मी वीज खात्यात, ते मला कागदावर आधी दिसायला हवं होतं. एका रविवारी त्यांच्याकडे गेलो तर मला ओढतच टपरीवर घेऊन गेले. "बघ, फुल मागताहेत!" दिवसभर त्यांनी मला फिरवलं. ज्या घरात पुढच्या खोलीत पलंग होता तिथे आता लेथ मशीन, आणि बाई लोखंडाचा कीस झाडून दार सारवत होती. पाहुणा आला तर बसवायचा कुठे, असं मी विचारलं. "पाहुण्याला उभ्यानं चहा," ती म्हणाली. मोठ्या शेडचे तुकडे पाडून गाळे झाले होते. एकेका गाळ्यात तीन-चार माणसं, कालचीच, पण आता मालक-नोकर मिळून एकच. सिडकोत एका ओट्यावर बायका कसलेतरी रबरी वायसर मोजून पिशव्यांत भरत होत्या आणि एकमेकींची थट्टा करत होत्या. तांबट लेनमध्ये काही दुकानांत स्टीलच होतं, पण दोन घरांतून ठोके ऐकू येत होते. नाना डोळे मिटून ऐकत उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांना तोवर कमी दिसायला लागलं होतं. मला ते लक्षात आलं ते रस्ता ओलांडताना. त्यांनी हात दाखवला, पण त्याच वेळी माझी बाहीही घट्ट धरली.

त्याच पावसाळ्यात मंदाताई माझ्या ऑफिसात आली. केस पांढरे झाले होते. मी ओळखलं, तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही नानांचे भाडेकरू ना? अंधार?"

शेजारचा कारकून हसला. मी खुर्ची पुढे केली. त्याच कंपनीच्या जागेतला मागच्या बाजूचा एक गाळा तिनं आणि सेक्शनमधल्या दोघींनी घेतला होता. पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं काम. त्यासाठी कनेक्शन हवं होतं.

"नाना कसे आहेत?"

"बरे आहेत. तुम्ही भेटा की."

"कुठल्या तोंडानं? भर रस्त्यात हार तोडला त्यांचा." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुम्ही सांगा. म्हणावं, खंडेनवमीच्या आत लाइट आला तर पेढे आणून ठेवते. लोकांना मी सांगते. गाडी त्यांनी आणायची."

ते कनेक्शन मी स्वतः मागे लागून वेळेत करून घेतलं. त्यात मोठेपण काही नाही, ते माझं कामच होतं. पण खांबावर लाइनमन चढला तेव्हा मी पुन्हा खालीच उभा होतो.

नानांना सांगितलं, तर विचारलं, "ते फ्यूज सापडले का?"

"नवे बसवले."

"हं," ते म्हणाले, आणि माईंना हाक मारली. "खाकी कपडे कुठं हायेत?"

डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, तेव्हा माझी सेकंडहँड मारुती आणि मी ड्रायव्हर. नाना खाकी घालून शेजारी. मांडीवर आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण. हार नव्हता. रविवार कारंज्यावरून निघालो. वळण आलं की ते खिडकीतून हात काढत, पण बसले होते डावीकडे, त्यामुळे मागचे लोक चिडून शिव्या देत. हॉर्न मला वाजवू दिला नाही. दर स्टॉपवर आडवे वाकून स्वतः दाबला.

भद्रकालीला कुणी नव्हतं. दोन मिनिटं थांबून आम्ही निघालो. द्वारकेला कुणी नाही. मुंबई नाक्याला एक माणूस गाडीजवळ आला, त्याला ठाण्याची बस कुठे थांबते ते हवं होतं. त्रिमूर्ती चौकात नाना बोलायचे थांबले. पवननगरला त्यांनी हॉर्न दाबला तो जेमतेम वाजला. माझ्या मनात नको नको ते येत होतं. मंदाताईनं लोकांना सांगितलं नसेल. सांगितलं असेल तरी कोण येतंय. म्हाताऱ्या माणसाला मी पुन्हा एकदा रिकाम्या गाडीतून गावभर फिरवलं.

कंपनीच्या रस्त्याला वळलो आणि मला ब्रेक मारावा लागला. रस्ता दुतर्फा भरला होता. स्कूटरी, मोटारसायकली, लूना, सायकली, एक भाजीची हातगाडीसुद्धा. फाटक सताड उघडं. आत बायका, पोरं, त्या पोरांचीही पोरं. पवननगरचा रिक्षावाला फाटकातच उभा राहून हात हलवत होता.

"नाना, सगळे आलेत!" मी म्हटलं. "आपापल्या गाड्यांवर आलेत."

माझी कल्पना होती की त्यांना रडू येईल. नाना संतापले.

"स्टॉप सोडून आले? असे कसे आले? मी तिकडं हॉर्न वाजवत बसलो!"

"अहो, पण आलेत ना..."

"मी कुणाला आणलंच नाय. मग मी कशाला उतरू?" आणि मांडीवरचं तोरण धरून समोर बघत बसून राहिले.

मी उतरून विनवलं. रिक्षावाल्यानं विनवलं. शेवटी गर्दीतून मंदाताई आली. खिडकीपाशी वाकली. त्या दोघांनी इतक्या वर्षांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे तिनं पाहिलं, नानांना तिचा चेहरा किती दिसला असेल कोण जाणे.

"कोण?"

"भद्रकाली."

नानांनी मांडीवरचं तोरण सारखं केलं.

"नाना, चूक झाली. येताना आलो आमच्या आमच्या गाडीवर." तिनं दार उघडलं. "पण जाताना पोरांना सोडणार कोण?"

त्यावर त्यांनी बराच विचार केला. मग एक पाय बाहेर ठेवला. "उशीर करायचा नाय," ते म्हणाले. "दोन मिनिटं थांबीन."

गाळ्याच्या दाराला तोरण त्यांनीच बांधलं. मंदाताईनं स्टूल धरलं. "वर घ्या. आणखी वर. दिसत नाय का?" "नाय दिसत. तू सांग." आत तार गुंडाळायच्या यंत्राला हळदकुंकू लावलेलं, पुढे पेढ्यांचं ताट. नाना आयुष्यात पहिल्यांदा कंपनीच्या फाटकाच्या एवढे आत आले होते. त्यांनी यंत्रावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे वळतं कुठून?" पूजेच्या दिवशी यंत्र चालवत नाहीत, त्यामुळे ते थांबलेलंच होतं. पण वर पंखा फिरत होता. मी त्याची पाती मोजायचा प्रयत्न केला. मोजता आली नाहीत.

परतीला माझ्या मारुतीत किती पोरं कोंबली ते विचारू नका. एक माझ्या मांडीवर होतं. नाना पुढे, त्यांच्या कुशीत दोन. ती पोरं आता त्या स्टॉपांवर राहतही नव्हती. कुणी पाथर्डीला, कुणी नाशिकरोडला. पण नानांनी प्रत्येकाला त्याच्या आजोबाचा स्टॉप विचारला आणि तिथंच उतरवायचं ठरवलं. आम्ही निघालो तसे आईबाप आपापल्या गाड्या काढून आमच्या मागे निघाले. त्र्यंबक रोडला आरशात मला नुसत्या स्कूटरी दिसत होत्या.

पवननगरला दोन हॉर्न. एक पोर उतरलं आणि मागून आलेल्या बापाच्या स्कूटरवर बसलं. त्रिमूर्ती चौकात दोन हॉर्न, दोघी बहिणी उतरल्या. मुंबई नाका. द्वारका. मागची रांग कमी होत गेली. भद्रकालीला मंदाताईचा नातू तेवढा उरला. त्याला उतरवून नानांनी त्याच्या हातात आपल्या वाट्याचा पेढा दिला आणि मागून आलेली मंदाताई आणि तो बोळात शिरेपर्यंत वाट पाहिली. दोन मिनिटांवर बराच वेळ गेला होता.

रविवार कारंज्याला मी गाडी बाजूला घेतली. आत आम्ही दोघंच उरलो होतो. सीटवर झेंडूच्या पाकळ्या आणि पेढ्याचा चुरा पडला होता.

"आता कुठं, नाना?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डेपोत लाव, अंधार," ते म्हणाले. "उद्या पहिली पाळी हाय."